खोडलेले कलम

एकदा एका समुद्रकाठच्या लहानशा राज्याने घाटावरच्या मोठ्या राज्याशी तह करायचे ठरवले आणि बोलणी करायला आपला वृद्ध वकील धाडला. त्या काळी वकील म्हणजे परक्या दरबारात आपल्या राजाच्या वतीने बोलणारा माणूस. या वकिलाने चाळीस वर्षांत अनेक तह घडवले होते. सोबत त्याचा एक शिष्य होता. वय तिशीचे, अक्षर सुरेख, बुद्धी तल्लख. पण परक्या दरबाराची पायरी तो प्रथमच चढत होता.

गरज दोन्ही राज्यांना होती. घाटावरच्या राजाची उत्तरेची वाट शत्रूने अडवली होती, त्यामुळे घोडे आणि लोखंड समुद्रमार्गे आणायला त्याला बंदर हवे होते. समुद्रकाठच्या लोकांना धान्य हवे होते. निघताना प्रधानाने शिष्याला बाजूला घेऊन बजावले, की म्हातारा कधी कधी भलताच हट्ट धरतो, तेव्हा किल्ल्यातल्या कोष्ट्यांचा विषय निघणार नाही एवढे पाहा. घाटावरच्या राजाने दोन वर्षांपूर्वी अकरा कोष्ट्यांना किल्ल्याच्या तळघरात कोंडले होते. दरबारासाठी फुकट कापड विणण्याची वेठ त्यांनी नाकारली होती, एवढाच त्यांचा अपराध. ना चौकशी झाली, ना निवाडा.

राजधानीत शिरल्यावर शिष्य चहूकडे पाहू लागला. कोष्टीआळीतून पालखी गेली तेव्हा एकाही घरातून मागाचा आवाज आला नाही. दारे लोटलेली होती. रस्त्यावरची माणसे पालखीला वाट देताना भिंतीकडे तोंड करून उभी राहत. उतरण्याच्या वाड्यावरचा कारभारी मात्र गोड बोले; पाहुण्यांनी काय खाल्ले, कुठे गेले, कोणाशी बोलले, हे सगळे तो आस्थेने विचारी.

बोलणी सुरळीत चालली. सहा दिवसांत बंदराचे, धान्याचे, वाटांच्या पहाऱ्याचे ठरले. समुद्रकाठच्या व्यापाऱ्यांना या राज्यात चौकशीवाचून कैद करता येणार नाही, असे एक कलम वकिलाने मोठ्या कौशल्याने पदरात पाडून घेतले. कोष्ट्यांविषयी त्याने चकार शब्द काढला नाही. शिष्याला हायसे वाटले.

सातव्या दिवशी सकाळी दोघे नदीवर स्नानाला गेले असताना एक बाई जवळ येऊन कपडे धुवायला बसली. मान वर न करता ती बोलू लागली. तिचे नाव ठकूबाई. किल्ल्यातला लिंबाजी कोष्टी तिचा नवरा.

"सोडवा असं म्हणत नाही, बाबा," ती म्हणाली. "तो आहे का नाही, तेवढं विचारा."

वकिलाने मान हलवली. होय की नाही, ते शिष्याला कळले नाही.

त्या दुपारी पान वाढताना कारभाऱ्याने सहज विचारले, "सकाळी नदीवर बाई कोण होती?" वाट विचारत होती, असे सांगता आले असते. कपडे धुणारी कोणी असेल, असेही सांगता आले असते. पण शिष्याच्या तोंडाला कोरड पडली होती. याला सगळे आधीच ठाऊक असेल, खोटे बोललो तर आपणच अडकू, असे त्याला वाटले आणि तो बोलून गेला, "ठकूबाई नावाची. किल्ल्यातल्या लिंबाजीची बायको." कारभाऱ्याने मान डोलावली आणि त्याच्या भातावर आणखी तूप वाढले.

दुसऱ्या दिवशी नदीवर ठकूबाई नव्हती. शिष्य इकडेतिकडे पाहू लागला, तेव्हा पलीकडची एक म्हातारी कपडे पिळता पिळता हळूच म्हणाली, "तिला काल नेली. आता आमच्याशी बोलू नका."

वाड्यावर परतल्यावर शिष्याने गुरूला सारे सांगितले. तो रागावेल, निदान समजूत घालील, अशी त्याची अपेक्षा होती. पण वृद्ध वकील खिडकीशी जाऊन बसला आणि समोरचे ताट त्याने तसेच परत पाठवले.

नवव्या दिवशी दरबार भरला. तहाचा मसुदा वाचून झाला. आता मोहोर उमटायची, तोच वकिलाने लेखणी मागून घेतली आणि आपल्या व्यापाऱ्यांच्या रक्षणाचे ते कलम आपल्याच हाताने आडवी रेघ ओढून खोडले.

सबंध तहातले सर्वांत मोलाचे कलम ते.

"हे तर तुम्हीच मागितले होते," घाटावरच्या राजाचा दिवाण म्हणाला.

"मागितलं होतं. चुकलो. जिथं घरच्या कोष्ट्याला न विचारता कोंडतात, तिथं आमचा व्यापारी केवळ तुमच्या मर्जीवर सुरक्षित राहील, आणि मर्जी काही कलमात लिहिता येत नाही. हे कलम ठेवायचं तर त्यातले 'समुद्रकाठचे व्यापारी' हे शब्द काढा आणि 'कोणीही' असं लिहा. किल्ल्यातल्या माणसांपासून त्याचा आरंभ करा. नाहीतर तह राहू द्या."

दिवाणाचा चेहरा बदलला नाही. "हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"घरातलाच आहे," वकील म्हणाला. "म्हणून सोयरीक करण्याआधी विचारतो आहे."

दरबार उठला. पाहुणे वाड्यावर पोहोचण्याआधीच तिथे पहारा बसला होता. कारभाऱ्याचे गोड बोलणे संपले. ताटे दाराबाहेर ठेवली जाऊ लागली. अंगणात कोणी पाऊल टाकले की शिष्य उठून दाराशी जाई. वकिलाला मारत नाहीत असा संकेत असतो, हे त्याने पोथ्यांत वाचले होते. शिष्याविषयी काय संकेत असतो, ते मात्र कुठे वाचल्याचे त्याला आठवेना. स्वतःच्या भीतीहून वाईट एक विचार होता. या हट्टाचा सूड तळघरातल्या माणसांवर उगवला तर? ठकूबाईवर उगवला तर?

"गुरुजी," तो अखेर म्हणाला, "आधी तह करू, मैत्री वाढली की हळूच विषय काढू. त्यांचाही मान राहील." वृद्धाने पाण्याचे भांडे उचलले, आणि त्या क्षणी शिष्याने पाहिले की गुरूचा हात थरथरतो आहे आणि पाणी धोतरावर सांडते आहे. चाळीस वर्षे दरबार पाहिलेला माणूस भ्यालेला होता. शिष्याला अधिकच भय वाटले.

पहारा बसल्याच्या चौथ्या दिवशी बोलावणे आले. बंदरावाचून राजाचे चालत नव्हते आणि पावसाळ्यामुळे जहाजे बंद व्हायला महिनाच उरला होता. दिवाणाने बंदरात जहाजे लावायचे दोन धक्के जास्तीचे मागितले. आपले प्रधान संतापतील हे ठाऊक असूनही वकिलाने ते दिले. त्या बदल्यात कलमात 'कोणीही' हा शब्द लिहिला गेला. किल्ल्यातल्या कैद्यांना त्याच दिवशी बाहेर आणून दोन्ही राज्यांच्या वकिलांसमोर त्यांची चौकशी करावी, असेही ठरले. मुन्शीने अकरा नावांची यादी वाचली आणि काही राहिले आहे का, असे रिवाजाप्रमाणे विचारले.

वकील गप्प राहिला. त्याने शिष्याकडे पाहिलेही नाही.

आपण उभे कधी राहिलो ते शिष्याला पुढे कधीच आठवले नाही. तो म्हणाला, "एक नाव राहिले आहे. ठकूबाई, लिंबाजीची बायको. पाच दिवसांपूर्वी तिला नेले. तिचे नाव मी सांगितले होते, आमच्या उतरण्याच्या वाड्यावरच्या कारभाऱ्याला. मी भ्यालो होतो."

दिवाण मुन्शीकडे वळून म्हणाला, "लिही."

संध्याकाळच्या आत किल्ल्याचा दरवाजा उघडला. ठकूबाई बाहेर आली, तिच्यामागून आठ पुरुष आले, डोळ्यांवर हात धरून, एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेत. तिघे आले नाहीत. दारातच झालेल्या चौकशीत आलेल्यांपैकी कोणाचाही अपराध निघाला नाही. मग मुन्शीने न आलेल्या तिघांची नावे आणि मृत्यूच्या तिथी वाचल्या. लिंबाजी गेल्या वर्षीच्या कार्तिकात गेला होता.

ठकूबाई रडली नाही. ती शिष्यासमोर येऊन उभी राहिली. आता ती शाप देईल असे त्याला वाटले.

"कार्तिकात," ती म्हणाली. "मी तर परवापरवापर्यंत रोज दोन भाकऱ्या किल्ल्याच्या दारात देत होते, दादा. पहारेकरी घ्यायचा. त्याला पोचल्या म्हणायचा."

एवढे बोलून ती त्या आठ जणांमागून कोष्टीआळीकडे चालू लागली.

परतीच्या वाटेवर घाट अर्धा उतरल्यावर शिष्याने विचारले, की माझ्या चुकीमुळे आपण ते कलम खोडलेत का?

"तिला नेलं त्यात तुझा वाटा आहे," वृद्ध म्हणाला. "तो मी कमी करणार नाही. पण माझाही ऐक. आठ दिवस मी गप्प बसलो आणि त्याला धोरण म्हणालो. तुझी भीती एका क्षणाची होती, ती उघडी पडली. माझ्या भीतीनं शहाणपणाचं पांघरूण घेतलं होतं. तू मला सांगितलंस तेव्हा मला कळलं, की आपण दोघांनी एकच गोष्ट केली आहे. आपल्या माणसांपुरतं अभय मागून घेतलं, म्हणजे बाकीच्यांचं तुम्ही काहीही करा, असंच मी लिहून देत होतो."

"पण नंतर, मैत्री झाल्यावर..."

"मोहोर उमटेपर्यंत त्यांना आपली गरज होती, म्हणून आपला शब्द त्यांच्या कानी पडला. उमटल्यावर आपल्याला त्यांच्या धान्याची सवय झाली असती. मग ते म्हणाले असते, मित्रानं घरातलं काढू नये. आणि आपणही तेच म्हणालो असतो."

"तुमचा हात थरथरत होता," शिष्य म्हणाला.

"अजूनही थरथरतो आहे. सूड उगवला असता तर, हा तुझा प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हाही नव्हतं."

घरी पोहोचल्यावर त्या दोन धक्क्यांपायी वृद्धाची वकिली गेली. काही वर्षांनी ती शिष्याकडे आली. त्याने पुष्कळ तह केले, आणि प्रत्येक वेळी मोहोर उमटण्याआधी त्याच्या तोंडाला तशीच कोरड पडत असे. ती पडली की तो पाणी मागवीत नसे. उठून उभा राहत असे आणि तुमच्या कैदेत कोण कोण आहे, हे आधी विचारत असे.

ज्याच्या हातात हात द्यायचा, त्या हाताने कोणाचा गळा धरला आहे, हे हात देण्यापूर्वी पाहावे.