कागदावर न चढलेला झरा

ह्यो डोंगर तुमच्या फोनातल्या नकाशातबी हाय बगा. धार हाय, घळ हाय, माथ्याची उंचीबी लिवलीया. झरा तेवढा न्हाई. पाणी तर बारमाही वाहतंय.

लई मागं गोऱ्या सायबाची मोजणी आली व्हती, असं सांगत्यात. तंबू, घोडी, तिवईवरची दुर्बीण. जे पाणी कागदावर चढंल तिथं छावणी बसायची आन बघता बघता तळ उघडा पडायचा. खालच्या वाडीचा झरा असाच गेला. म्हणून मेंढरं राखणाऱ्या लगमाबाईनं हितला झरा बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून झाकून ठिवला व्हता. ह्यो आटला तर कळप मेला.

ऐन उन्हाळ्यात सायबाचा मोजणीदार विसाजी घळीत एकटाच उतरला आन वाट चुकला. तिनं बघितलं तवा त्येची जीभ टाळूला चिकटलेली. मरंना का, सरकारचं एक माणूस कमी, असं आलं म्हणं तिच्या मनात. पन पाय निघंना. तान्हेल्याला पाणी न्हाई म्हटलं, तर बिरोबाला काय तोंड दावायचं?

"पाजते. पन शपथ घे. कागदावर काढायचा न्हाई, तोंडानं सांगायचा न्हाई, बोट दावायचं न्हाई."

"घेतली गं माय! पाज आधी."

"दम काढ. सायबाचं मीठ खातुस, फिरशील."

"तुझं पाणी पिऊन कसा फिरीन?"

पाणी पिऊन विसाजी तंबूवर परत आला, तर सायबाला त्येचा ओला अंगरखा दिसला. "पाणी कुठंय? बोट दाखव, न्हाईतर चाकरी गेली!"

मागोमाग आलेली लगमाबाई मेंढरांआडून बघत व्हती.

विसाजी खोट्याचा माणूस न्हवता. त्येनं हाताची मूठ आवळली, कमरंवर ठिवली आन गप हुबा ऱ्हायला. कोपर नेमकं झऱ्याकडं! पाणी दावलं, म्हणून खोटं न्हाई; बोट न्हाई दावलं, म्हणून शपथबी मोडली न्हाई. सायब बोट कवा निघतंय म्हणून मूठच बघत बसला. लगमाबाईनं हसू दाबायला मेंढराच्या लोकरीत तोंड खुपसलं.

विसाजीची चाकरी गेली. छावणी पल्याड गेली. कागद तेवढा कोरा ऱ्हायला.

आजही ह्या झऱ्याकडं कुणी बोट दावत न्हाई. वाट पुसली की वाडीतली बाई कमरंवर मूठ ठिवून गप हुबी ऱ्हाती. पाव्हण्याला वाटतं, भांडायलाच उठली. मग माफी मागत माघारी पळतंय बिचारं, तान्हेलंच.