टिप्या बसला

जनावरं बोलायची त्या काळी सावळाराम कुंभाराने आपल्या टिप्या कुत्र्याला भाकरीचे तुकडे घालून ‘बस’ म्हटलं की बसायला शिकवलं. कुंपणाआडून कोल्हा ते बघत होता.

एका दुपारी सावळाराम बाजाराला गेला, तसा कोल्हा अंगणात शिरला. टिप्या धावून गेला.

“बस!” कोल्हा डाफरला.

टिप्या बसला. जीव नुसता तळमळत होता, पण बूड हलेना. कोल्ह्याने अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीचं शेपूट धरलं.

ती किंचाळली, “मुडद्या, कुणाचं ऐकतोस? छू!”

टिप्या सुटला, आणि कोल्हा तोंडभर पिसं घेऊन पळाला.

घरी आल्यावर झालेलं सगळं ऐकून सावळारामाने विचारलं, “आता याला काय शिकवू?”

कोंबडी म्हणाली, “कुणाचं ऐकायचं नाही, ते शिकवा. सुरुवात तुमच्यापासूनच करा.”