उंबराईशी भांडायला जातात ते

उंबराईच्या टेकडीवर नारळ फुटत नाही, कुणी ओटी भरत नाही. इथं देवीशी भांडायला यायचं, आणि तेही पायी. मागच्या अंगानं आता गाडीरस्ता झालाय, पण त्या रस्त्यानं आलेल्याचं गाऱ्हाणं देवी ऐकत नाही, असं आमच्यात मानतात. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून पोटाचं दुखणं घेऊन आलात आणि पहिलं विचारलंत ते वर पार्किंग आहे का. मी इथला गुरव. गोष्ट सांगतो, मग काय ते ठरवा.

खाली गावात लिंबाजी नावाचा कोष्टी होता म्हणे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसायचा, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. त्याच्यासारखं लुगडं आसपासच्या चार गावांत कुणाला साधत नसे. पण चाळिशीच्या आतच पोट बिघडलं. खाल्लेलं छातीशी अडायचं, पोट फुगायचं, चार-चार दिवस साफ व्हायचं नाही.

हिरडा झाला, एरंडेल झालं, ओवा-सैंधव झालं. एका वैद्यानं लंघन सांगितलं, दुसऱ्यानं तूप प्यायला लावलं. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याची बायको भागू रोज नवा काढा उकळायची आणि तो चिडून परसात ओतून द्यायचा. शेवटी उंबराईला नवस बोलला, बरं कर, जरीकाठी लुगडं नेसवीन. ते लवकर व्हावं म्हणून आणखी बसला, आणि दुखणं आणखी वाढलं.

लुगडं पुरं झालं त्या दिवशी त्याला घासभर भातही गेला नाही. तो लुगडं तसंच टाकून उठला.

"कुठं निघालात?" भागूनं विचारलं.

"तिला जाब विचारायला."

चढताना तीनदा बसावं लागलं, असं सांगतात. वर पोचला आणि देवळात उभा राहून त्यानं देवीला नाही नाही ते ऐकवलं. "तुझ्यासाठी बसलो, आणि तू माझं अन्न तोडलंस." बोलता बोलता तो जास्तच भडकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही. मनातलं बोलून संपतच नव्हतं. दहाव्या दिवशी खाली आला आणि भाकरी मागितली. भागूनं भीत भीत अर्धी वाढली. ती संपवून त्यानं आणखी मागितली, तेव्हा ती चुलीकडे तोंड करून रडली.

महिना भरल्यावर तो वरमला. लुगडं नेसवून आला, देवीची माफी मागितली आणि निवांत मागावर बसला. पंधरा दिवसांत पोटानं पुन्हा धरलं.

"फसवलं तिनं," तो म्हणाला.

भागू म्हणाली, "तुम्ही भांडत होता तोवर बरे होता. लुगडं नेसवून घरी बसलात आणि पडलात. तिला तुमचं भांडणच हवं असेल. जा रोज."

तो गेला. पुढची तीस वर्षं रोज सकाळी गेला. भांडायला काही उरलं नाही तेव्हा सुताचा भाव, पाऊस, जावई, मिळेल त्यावरून भांडला. सगळे कोष्टी त्याच्या मागून चढू लागले.

हे मी येईल त्याला सांगतो. लोक मान डोलावतात आणि विचारतात, ते सगळं ठीक, पण इथली एखादी मुळी मिळेल का? परवा एकानं देवळातलं पाणी बाटलीत भरून मागितलं. घसा कोरडा होतो हो सांगून सांगून.

मग एका सकाळी म्हाताऱ्या लिंबाजीचे गुडघे उचललेच नाहीत, तो वर आला नाही. आमच्या पूर्वजानं नेहमीप्रमाणे गाभारा उघडला. मूर्ती सरळ पूर्वेला बघणारी होती, तिची मान डावीकडे वळलेली दिसली म्हणे. गावानं पूजा मांडली, क्षमा मागितली, पण ती सरळ झाली नाही.

आजही ती पायवाटेकडे बघत असते. गाडीतून आलात तर तुम्हाला तिचा फक्त कान दिसेल.