सरळसेनाचं पागोटं आणि वडावरची उलटी मंडळी

सरका जरा. उशी कुणाची कुणाकडे गेली ते सकाळी बघू. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका. ए चिंगे, कूस बदलायची ती आत्ताच बदलून घे.

तर एक होता राजा, सरळसेन त्याचं नाव. राजा तसा वाईट नव्हता, बरं का. खाऊन-पिऊन सुखी, देवाला हात जोडणारा, रयतेला उगाच छळणारा नव्हे. पण त्याला एक खोड होती. त्याला उलटं काही म्हणजे काही चालायचं नाही!

दारात चप्पल उलटी पडली की झालं. ‘आता घरात भांडण होणार’ म्हणायचा आणि स्वतःच भांडण उकरून काढायचा. त्याच्या राज्यात घडे पालथे घालायची चोरी. सगळे घडे सुलटे, मग त्यात पाली पडायच्या. स्वयंपाकघरात उलथन्याला म्हणायचं ‘सुलथनं’. कुणाला ओकारी झाली, तर ‘सुलटी झाली हो’ असं वैद्याला सांगायचं. इतर राज्यांत चोराची गाढवावर उलटं बसवून धिंड काढत. इथे उलटं बसवायची सोयच नाही. मग चोर सुलटा बसायचा आणि गावभर फिरून यायचा. शिक्षा कसली मेली, सहलच ती!

आणि उलट उत्तर? ते तर कुणीच द्यायचं नाही. प्रधानजी तर ‘होय महाराज’ म्हणून म्हणून पुढे झोपेतही ‘होय महाराज’ म्हणायला लागले.

राजवाड्यामागे एक वड होता. एवढा मोठा, की त्याच्या पारंब्यांत बैलगाडी हरवावी. त्या वडाचा राजाला भारी अभिमान. का, तर म्हणे राजाचे पणजोबा एकदा तिथे आले, पागोटं काढून जमिनीवर ठेवलं, आणि त्या पागोट्यातून वड उगवला! दरबारातला भाट दर दसऱ्याला हे गाऊन सांगायचा आणि शेला घेऊन जायचा. पागोटं का काढलं, ते मात्र गाण्यात नव्हतं.

मग एकदा काय झालं, राजानं नवा सज्जा बांधला, नेमका वडाच्या बाजूला. पहिल्याच सकाळी दात घासायला सज्जात आला. समोर बघतो तर काय! वडाच्या फांदीफांदीला शेकडो वटवाघळं. सगळी उलटी! खाली डोकं, वर पाय. राजाच्या हातातली राखुंडी सांडली.

“प्रधानजी, ही काय अवदसा?”

“होय महाराज,” प्रधानजी म्हणाले.

“यांना आजार झालाय. वैद्याला बोलवा आणि सगळ्यांना सुलटं करा. तीन दिवसांत सुलटी झाली नाहीत, तर वड तोडायचा. पणजोबांचा असला तरी तोडायचा!”

गावात औषध देणारी एकच, तानूआक्का वैदीण. अंगानं गुटगुटीत, तोंडानं फटकळ, हाताला गुण. तिला रानातल्या जिवांची भाषाही यायची. कशी, ते विचारू नका, त्या काळी वैदिणींना येत असे. तानूआक्कानं आयुष्यात खोकला बरा केला, नारू बरा केला, रुसलेल्या सुनाही बऱ्या केल्या. पण उलटं लटकण्यावर औषध? तिनं ते ऐकलंही नव्हतं. तरी ती शिडी घेऊन वडाखाली गेली. राजाला नाही कोण म्हणणार?

पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला ती शिडीवर चढली. खालच्या फांदीला एक थोराड वाघळीण लटकली होती. तिच्या उराशी इवलंसं पिल्लू, चुटुचुटु दूध पीत होतं. हो तर! वटवाघूळ उडतं, पण पाखरू नव्हे. तुमच्या-आमच्यासारखंच आईचं दूध पितं.

तानूआक्कानं हाताला जाड फडकं गुंडाळलं. रानातल्या जिवाला उघडा हात लावायचा नाही, आणि त्यांनी उष्टावलेलं फळही खायचं नाही, एवढं तिला कळत होतं. तुम्हाला कळलं ना? मग तिनं नाडी बघायला पंख धरला. तर पंख कसला, तो हातच! लांबच लांब बोटं छत्रीच्या काड्यांसारखी, मध्ये कातडं ताणलेलं, आणि अंगठा तेवढा मोकळा.

“बाई गं,” तानूआक्का म्हणाली, “हे उलटं लटकणं कधीपासून?”

 वाघळीण हळूच म्हणाली, “मीच तुला विचारणार होते. तुमच्या राजाला हे कधीपासून झालंय? पाय भुईला चिकटलेत, आणि डोकं खाली आभाळात लोंबतंय बिचाऱ्याचं. रोज बघते मी. घेरी कशी येत नाही गं त्याला?”

तानूआक्काला हसू आवरेना. शिडी हलायला लागली, तेव्हा कुठे ती थांबली.

वाघळीण म्हणाली, “आमचे पाय बघ, काटक्या आहेत. उभं राहायला कामाचे नाहीत. पण फांदीला धरलं की बोटं आपोआप मिटतात, झोपेतसुद्धा सुटत नाहीत. आणि उडायचं झालं की नुसतं सोडायचं. हा काय आजार आहे?”

आजार नाही, हे तानूआक्काला पटलं. पण राजाला कोण पटवणार?

दुसऱ्या दिवशी प्रधानजींनी स्वतःचं डोकं चालवलं. ते क्वचितच चालवत. त्यांनी सुतारांकडून शंभर छोटे छोटे पाट करून घेतले आणि दोऱ्यांनी फांद्यांना टांगले. म्हणजे वाघळांनी पाटावर मांडी घालून सुलटं बसावं! वाघळांनी पाट हुंगले, मान डोलावली, आणि पाटांच्या खालच्या बाजूला लटकली. आता वाघळं उलटी ती उलटीच, आणि वर झोकेही घ्यायला लागली! राजा सज्जातून ओरडला, “उद्या सकाळी कुऱ्हाडी आणा!”

त्या दिवशी ऊन असं पेटलं होतं, की कावळे कोकलायचे थांबले. दुपारी सगळी वाघळं पंखांनी वारा घेत होती, फडफड, फडफड. तानूआक्का खाली बसून कपाळाला हात लावून विचार करत होती. तेवढ्यात टप्पकन तिच्यापुढे काही पडलं. बघते तर ते कालचंच पिल्लू, उन्हानं भोवंडलेलं. डोळे मिटलेले, तोंड उघडं.

तानूआक्कानं हाताला फडकं गुंडाळलं, ओल्या कापडात पिल्लाला घेतलं, सावलीत नेलं, पाण्याचे थेंब शिंपडले. “डोळे उघड रे बाबा,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बऱ्याच वेळानं पिल्लानं बारीकसं ची केलं. वर शेकडो वाघळांचा कोण गलबला! पण त्या एवढ्या कालव्यात त्याच्या आईला ती एकच ची ओळखू आली. तानूआक्कानं पिल्लू फांदीला लावून दिलं. आई सरपटत आली, तिनं ते हुंगलं आणि दोन्ही पंखांत गुंडाळून घेतलं.

तानूआक्काचे डोळे भरून आले. आता तिला राजाच्या हुकमाची फिकीर नव्हती. धिंडीची तर मुळीच नव्हती, धिंड सुलटीच निघणार होती. पण वड तुटला तर हे पिल्लू कुठे जाणार? त्याला अजून उडता येत नव्हतं, आणि पंचक्रोशीत दुसरा एवढा वड नव्हता.

“काही तरी कर गं,” ती वाघळिणीला म्हणाली. “तुम्ही सुलट्या कधी होतच नाही का?”

वाघळीण लाजली. म्हणाली, “होतो की. रोज होतो. पण ते चारचौघांत सांगायचं नाही बाई.”

मग तिनं तानूआक्काच्या कानात सांगितलं. काय सांगितलं? थांबा रे, कळेल! तानूआक्कानं आधी ‘अगं बाई’ केलं, आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटली.

“मग आज रात्री पोटभर खाऊन या सगळ्या,” ती म्हणाली. “जांभळं, उंबरं, मिळेल ते. लाजू नका.” मग ती राजाकडे गेली आणि म्हणाली, “महाराज, उद्या उजाडता सगळी सुलटी होतील. आपण वडाखाली या.”

तिसऱ्या दिवशी उजाडता राजा आला, डोक्याला जरीचं पागोटं बांधून. मागे दरबार, बाजूला कुऱ्हाडवाले. वाघळं रात्रभर रानात चरून नुकतीच परतली होती, पोटं टम्म. राजा बरोब्बर मधल्या फांदीखाली उभा राहिला.

आणि मग काय झालं! एक वाघूळ अंगठ्यांनी फांदीला धरून सुलटं झालं. मग दुसरं. मग दहा. मग शंभर! सगळी डोकी वर, पाय खाली.

“सुलटी झाली!” राजा नाचायलाच लागला. “प्रधानजी, बघा, सुलटी झाली!”

“महाराज,” तानूआक्का म्हणाली, “तोंड मिटा.”

“उलट उत्तर देतेस?” राजा वर बघून आऽऽ करून ओरडला.

कळलं का आता, वाघळं सुलटी कशासाठी होतात ते? उलट्यानं शू-शी केली, तर आपल्याच तोंडावर येईल की नाही! तेवढ्यापुरती ती सुलटी होतात. आणि मग झाला वर्षाव! जांभळाचा रस, उंबराचा गाळ, चट् पट् चट् पट्! राजाचं पागोटं जांभळं, मिशा जांभळ्या, प्रधानजी ‘होय महाराज’ म्हणायला गेले, तर तेही जांभळे.

राजानं पागोटं भिरकावून दिलं आणि डोकं झटकायला वाकला, वाकला, एवढा वाकला की त्याला स्वतःच्या दोन पायांमधून मागचं दिसायला लागलं. आणि काय दिसलं? वाघळांचं काम उरकलं होतं, ती पुन्हा आपापल्या जागी लटकली होती. पण राजाला ती सगळी कशी छान सुलटी दिसली! एक आई पंख मिटून उभी, आणि पंखांतून पिल्लाचं इवलंसं तोंड बाहेर डोकावतंय. थंडीत राजाला त्याची आई अशीच पदरात घ्यायची. राजाला ती आठवली, आणि तो वाकलेलाच राहिला.

“तानूआक्का,” तो तसाच म्हणाला, “ही तर सुलटीच आहेत. मग उलटं कोण?”

आता उत्तर द्यायचं तर ते उलट उत्तर होणार! 

“ते ज्याचं त्यानं बघावं, महाराज,” तानूआक्का म्हणाली. “मी आपली पिल्लांपुरतं बोलते. कुऱ्हाडी परत न्या.”

राजानं कुऱ्हाडी परत पाठवल्या.

मग पाऊस आला. राजानं भिरकावलेलं पागोटं कुंपणाशी पडून होतं. त्याला हात लावायला कोण धजणार? एके दिवशी राजा तिकडून जात होता, बघतो तर पागोट्यातून हिरवागार कोंब वर आलेला! उंबराच्या बिया वाघळांच्या पोटातून तिथे पडल्या होत्या ना. भाट तर लगेच धावला. “धन्य महाराज! पागोटं ठेवलं आणि झाड उगवलं! जसं पणजोबांच्या...”

आणि भाटानं जीभ चावली.  राजानं वडाकडे बघितलं, मग कोंबाकडे बघितलं.

“तानूआक्का,” राजा हळूच म्हणाला, “म्हणजे पणजोबांनी पागोटं काढलं, ते...”

“होय महाराज,” ह्या खेपेला तानूआक्का म्हणाली.

मग राजा असा हसला, असा हसला, की हसता हसता उताणा पडला. चपला निघाल्या, दोन्ही उलट्या. कुणी त्या सुलट्या केल्या नाहीत आणि कुणाचं भांडणही झालं नाही. उंबर मोठा झाला, पिल्लू उडायला शिकलं, भाटाला शेला मिळाला, पण गाण्यात खरं कारण घालायच्या अटीवर. आणि सगळेजण आपापल्या परीनं, कुणी उलटे, कुणी सुलटे, सुखानं राहिले.

संपली गोष्ट. आता झोपा. चिंगे, खाटेवरून डोकं खाली लोंबवू नकोस. बरं, लोंबव हवं तर, पण डोळे मिट. आणि हो, आधी सगळे मोरीत जाऊन या. सुलटे!