काठोकाठ पेला

इचलकरंजीत बाहुबलीआण्णांचा चोवीस यंत्रमागांचा कापड कारखाना होता. खडखडाट इतका, की कामगार हातांच्या खुणांनीच बोलत. एका महिन्यात तिथले तिघे छातीला हात लावून खाली बसले. बाकीच्यांची झोप उडालेली, रक्तदाब चढलेला. घरी जेवतानासुद्धा घास मागाच्याच ठेक्यात चावला जाई.

कामगारांनी दिवसातून दोनदा माग थांबवून विसावा मागितला. आण्णांनी सगळ्यांचे कान तपासून घेतले आणि कागद फडकावले. "कान शाबूत, म्हणजे माणूस शाबूत. माझेच बघा. वीस वर्षं या मागांजवळ बसतोय."

मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी शेवंताक्का पुढं झाली. तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला आण्णांच्या हातात दिला. "मग आण्णा, माग बंद करायला सांगा आणि हा नुसता धरून उभं राहा."

आण्णांनी हसत खूण केली. एकेका मागाचं बटण खाली गेलं. अशी शांतता पसरली, की एकमेकांचा श्वास ऐकू येऊ लागला.

पेल्यातलं पाणी मात्र हलत होतं, मागाच्याच ठेक्यात. ते आण्णांच्या मनगटावरून ओघळू लागलं.

"कुठला तरी माग चालू राहिलाय," आण्णा पुटपुटले.

"तुमचे कान शाबूत हाईत न्हवं?" अक्का हळूच म्हणाली. "मग तुम्हीच ऐकून सांगा, कुठला त्यो."

आण्णांनी कान दिला. कुठंच काही वाजत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हातानंही पेला घट्ट धरला, तर पाणी आणखीच हिंदकळलं.

पहिला विसावा त्याच दिवशी मिळाला. सगळ्यांत आधी खाली बसले ते आण्णाच.