भिंतीकडे तोंड केलेला देव

ऐका बायांनो, क्रूसाजवळ सरकून बसा. आटपाट बंदर होतं. तिथं रोजीन नावाची कोळीण राही. तिनं उपवासकाळात शुक्रवारचा वसा घेतला. वसा काय? देवापासून मनातलं झाकायचं नाही, विचारलं तर खोटं सांगायचं नाही.

तिची शेजारीण फिलू. बोंबील वाळवायच्या जागेवरून दोघींचं असं वाजलं, की कावळे बंदर सोडून गेले.

एके शुक्रवारी रोजीन पहाटे किनाऱ्यावर गेली. फिलूच्या होडीला तळाशी तडा गेलेला दिसला. करंगळी जाईल एवढी फट! सांगावं का? मग भांडण आठवलं. "बुडू दे मेलीची होडी," म्हणाली, घरी आली. घरात येशूची तसबीर. डोळे हिच्याकडेच. मग हिनं तसबीर भिंतीकडे फिरवली. "आता बघ कसा बघतोस!"

मग विहिरीवर गेली. पोहरा सोडला. खालून आवाज आला, "रोजीन, काय पाहिलंस?" "काही नाही." पाणी हातभर खाली गेलं.

मग मासळी कापायला बसली. मेलेल्या पापलेटानं डोळा वळवला. "रोजीन, काय पाहिलंस?" "काही नाही रे बाबा." विळी आपोआप आडवी झाली.

मग चूल पेटवली. जाळ बोलला, "रोजीन, काय पाहिलंस?" "काही नाही, काही नाही!" चूल विझली.

तोच दारात फिलू. "भांडायला नाही आले गं. आमचा पावलू तापानं पडलाय. त्याच्या जागी तुझा इनास गेला आमच्या होडीवर. आपण भांडतो, पोरं कुठं ऐकतात? अगं, अशी पांढरी का पडलीस?"

रोजीन धावत क्रूसाजवळ गेली, पालथी पडली. "देवा, माझं पोर!" देवाला काय सांगणार? त्याला ठाऊकच होतं. सांगायचं होतं ते मागून धापा टाकत आलेल्या फिलूला.

"होडी फुटकी आहे. मी पाहिली. बोलले नाही."

फिलूनं एक सणसणीत थोबाडीत दिली. मग त्याच हातानं तिला ओढलं. "रडतेस काय? ओरड! गडी गोळा कर!"

मग होड्या सुटल्या. रोजीनही चढली. खाडीच्या तोंडाशी फिलूची होडी वाळूत रुतलेली. इनास कमरेएवढ्या पाण्यात उभा, देवाच्या नावानं शंख करतोय. "सकाळपासून हलेना! रुतवायला देवाला आमचीच होडी दिसली!" भरती चढत होती. जरा उशीर, की होडी सुटून खोल पाण्यात जाती.

पोराला वर ओढलं. रोजीननं खाली पाहिलं. त्या जागी वाळू कधी नव्हती. तिची जीभ किती वेळ अडणार हे कुणीतरी आधीच जाणलं होतं, आणि तेवढा वेळ पुरेल एवढीच वाळू घातली होती. घरी येऊन तिनं आधी तसबीर सरळ केली.

रोजीनची जीभ जशी वेळेत सुटली, तशी तुमची आमची सुटो. जाणत्या देवाची ही लांब कहाणी, थोडक्या बोलांत फळाला आली. आमेन म्हणा.