माळावर न झालेला सामना

दोन डोंगरांच्या कुशीत एक जंगल होते आणि त्या जंगलात एक म्हातारा गवा राहत असे. त्याची शिंगे टोकाला झिजली होती आणि पाठीवरचा काळा रंग जागोजाग विटला होता. नदीच्या अलीकडच्या तीरावर प्राण्यांची एक पाठशाळा होती. आईचे दूध सुटले, शिंगे फुटू लागली, की रानातली पोरे तिथे शिकायला येत. वारा कसा हुंगावा, उन्हाळ्यात पाणी कुठे शोधावे, वाघाची चाहूल कशी ओळखावी, हे सारे तिथले गुरुजी शिकवीत. गवा मात्र एकच गोष्ट शिकवी. तो चेंडू खेळायला शिकवी.

पलीकडच्या तीरावरही अशीच एक पाठशाळा होती. तिथे चेंडू शिकवायचे काम कोल्ह्याकडे होते. दरवर्षी पाऊस सरला, माळावरचे गवत पिवळे पडले, की दोन्ही पाठशाळांचा सामना होई. पळसाच्या मुळांच्या तंतूंचा वाख वळून आणि आत सावरीचा कापूस ठासून सुगरण पाखरे त्यासाठी चेंडू विणीत. माळाच्या दोन्ही टोकांना मोहाच्या झाडांची एकेक जोडी होती. त्यांच्या मधून चेंडू पार गेला की गोल.

बाळांनो, हा सामना काही फक्त खेळणाऱ्यांचा नसे. सारे रान माळावर लोटे. वानरे जांभळीच्या फांद्या धरून बसत. ससे सगळ्यांत पुढे. मोरांनी पिसारे मिटून बसावे असा दंडक होता, नाहीतर मागच्यांना काही दिसत नसे. साळिंदराशेजारची जागा कुणी घेत नसे, म्हणून ते बिचारे नेहमी ऐसपैस बसे. वाघ त्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यात जाई. का जाई, हे त्याला कुणी कधी विचारले नाही.

संध्याकाळी सराव संपला की पोरे गव्याभोवती बसत आणि तो जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगे. एका वर्षी चेंडू उडून जांभळीच्या बेचक्यात अडकला होता. वानरे तो परत देईनात. आमच्या सगळ्यात धाकट्या पिलाला एकदा लाथ मारू द्या, मगच देतो, म्हणाले. मग दोन्ही बाजूंचे गडी ओळीने उभे राहिले आणि मुठीएवढ्या पिलाने चेंडू वीतभर ढकलला. त्या दिवसाचा सर्वांत मोठा गलका तेव्हाच झाला.

"आणि तुमचा गोल, गुरुजी?" पोरे विचारत. उत्तर सर्वांना पाठ होते, तरी विचारत.

"माझा गोल?" गवा म्हणे. "त्या वर्षी अवकाळी पाऊस पडून माळावर चिखल झाला होता. मी धावत सुटलो, पाय सटकला आणि चेंडूवरच पडलो. चेंडूसकट घसरत थेट मोहांच्या मधून पार. हा गोल मी पायाने मारला नाही की डोक्याने नाही. पोटाने मारला. माझी आई समोरच उभी होती. पुढे म्हातारी होईपर्यंत ती मला पाहिले की आधी हसे, मग बोले."

अशी वर्षे चालली होती. मग एका वर्षी, पावसाळा ओसरता ओसरता, पूर्वेच्या रानातून कावळा बातमी घेऊन आला. "तिकडे खोकल्याची साथ आहे," तो म्हणाला. "एकाचा श्वास दुसऱ्याला लागला की दुखणे येते. तरण्यांना दोन दिवस कणकण येते आणि जाते. म्हाताऱ्यांना मात्र धाप लागते, आणि पुष्कळदा ती थांबतच नाही."

थोड्याच दिवसांत साथ या जंगलातही शिरली. पाणवठ्यावर एका वेळी एकाच कळपाने जायचे, असे ठरले. वानरांनी फांद्या वाटून घेतल्या. ससे बिळाबाहेर दिसेनात. रान इतके गप्प झाले की वाळके पान पडलेले ऐकू येई.

सामन्याचे दिवस जवळ आले तसा कोल्हा पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. हा कोल्हा काही दुष्ट नव्हता. त्याला जिंकायची सवय होती, एवढेच. नदीच्या पलीकडूनच तो म्हणाला, "गुरुजी, आमची पोरे तयार आहेत. तरण्यांना या दुखण्याचे भय नाही. बघायला कुणाला बोलवायचे नाही. पोरांनी यावे, खेळावे आणि घरी जावे. बोला, तुमचे काय मत?"

गव्याने आपल्या पोरांकडे पाहिले. त्याच्या संघाचा नायक एक तरुण सांबर होता. पायाने चपळ आणि स्वभावाने शांत. पाठशाळेतले त्याचे ते शेवटचे वर्ष होते. हिवाळा लागला की तो वरच्या कड्यावर आपल्या आईकडे परत जाणार होता, आणि एकदा पाठशाळा सोडलेल्याला सामन्यात उतरता येत नसे. आदल्या वर्षी त्याचा पाय दुखावला होता, म्हणून तो खेळला नव्हता. त्याच्या आधी तो लहान होता.

"गुरुजी," सांबर म्हणाला, "तुमच्याजवळ सांगायला किती गोष्टी आहेत. आम्ही त्या ऐकतच मोठे झालो. उद्या मला कुणी विचारले, तर मी काय सांगू? सराव केला, हे सांगू?"

हे गव्याच्या मनाला लागले. त्याला स्वतःचे तरुणपण आठवले, तो चिखल आठवला, आईचे हसू आठवले. या पोराला एवढेही मिळू नये, हे त्याला सहन झाले नाही. आणि खरे सांगायचे तर, तो सामना पाहिल्याशिवाय वर्ष काढणे त्याला स्वतःलाही जड जात होते. त्याने कोल्ह्याला होकार दिला. "पण बघायला कुणी येणार नाही," तो म्हणाला, "आणि अंगात कणकण असेल त्याने सांगायचे."

सराव पुन्हा सुरू झाला. रानाला जरा जीव आल्यासारखे वाटले. मोहांच्या जोडीसमोर एक तरुण रानडुक्कर राखणीला उभा राही. अंगाने दांडगा, मनाने भोळा. एका सकाळी तो दोनदा खोकला.

"काय रे, बरे वाटत नाही का?" गव्याने विचारले.

"धूळ गेली घशात, गुरुजी," तो म्हणाला आणि हसला. त्या दिवशी त्याने एकही चेंडू पार जाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी तो जरा मंद होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा धावू लागला. गवाही ते विसरून गेला.

मग दोन दिवस डुक्कर सरावाला आलाच नाही. गवा त्याला शोधत ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटापर्यंत गेला. डुक्कर बेटाबाहेर बसला होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती आणि थोरल्या मावशीने त्याला वाढवले होते. सामन्याच्या दिवशी ती आपले जड अंग ओढत माळावर येई आणि मोहाच्या अगदी मागे बसे, म्हणजे पोर जवळून दिसे.

"मावशी कुठे आहे?" गव्याने लांबूनच विचारले.

"काल गेली," डुक्कर म्हणाला. तो नाकाडाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मला तर काहीच झाले नव्हते, गुरुजी. थोडा खोकला होता. सामना हुकेल म्हणून मी बोललो नाही. रात्री थंडी होती, म्हणून मी तिच्या कुशीत निजलो."

गवा तिथेच उभा राहिला. पोराजवळ जाऊन त्याला चाटावे, असे त्याला फार वाटले, पण साथीच्या दिवसांत तेही करता येत नव्हते. तो एवढेच म्हणाला, "तू तिला मारले नाहीस, पोरा. ठरवणारा मी होतो."

परत येताना तो माळावरून आला. गवत पिवळे झाले होते, वारा सुटला होता आणि सामन्याला हवा तसाच दिवस होता. त्याने जांभळीकडे पाहिले. मग सशांची जागा पाहिली, साळिंदराची पाहिली, मोहामागची पाहिली. आपण इतकी वर्षे ज्या गोष्टी सांगत आलो, त्यांत चेंडू थोडा आणि बघायला येणारे हे सगळे फार, असे त्याला वाटले. यांना मागे ठेवून सामना खेळायचा आणि तोच श्वास संध्याकाळी यांच्या घरी न्यायचा, हा कसला खेळ?

त्याने पोरांना गोळा केले आणि लांब लांब उभे करून सांगितले, "या वर्षी सामना नाही. आपापल्या घरी जा. पण आधी आठ दिवस माळावरच वेगळे राहा आणि मग जा."

सांबराने फक्त विचारले, "गुरुजी, हे बदलणार नाही?"

"नाही."

आठ दिवस सांबर माळाच्या टोकाला एकटा चरत राहिला. नवव्या दिवशी तो कड्याची वाट चढून गेला. दरवर्षी शेवटच्या वर्षाची पोरे जाताना गव्याच्या शिंगाला शिंग लावून जात. सांबराने मागे वळूनही पाहिले नाही. गवा मात्र तो झाडीत दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला.

कोल्ह्याने सामना सोडला नाही. त्याने खिंडीपलीकडच्या पाठशाळेला बोलावणे पाठवले. त्या संघाशी त्याची पोरे खेळली आणि जिंकली. कोल्ह्याच्या पोरांचा नायक एक तरुण काळवीट होता. त्यानेच निर्णायक गोल मारला. असा गोल, की कोल्ह्यानेसुद्धा उडी मारली. काळवीट तिथून उड्या मारतच घरी गेला. त्याचा बाप म्हातारा झाला होता. पोराला धावायला त्यानेच शिकवले होते आणि दरवर्षी सामन्याला तो सर्वांआधी येऊन बसे. या वर्षी त्याला घरी थांबावे लागले होते. काळवीट त्याच्या अगदी जवळ बसला आणि सारा सामना त्याने बापाला सांगितला. चेंडू कुठून आला, कुणाला कसा चकवला, शेवटी पाय कसा फिरवला. बाप हसत होता आणि पुन्हा पुन्हा विचारत होता. "तो शेवटचा कसा मारलास? परत सांग." काळविटाने परत सांगितले.

नवा चंद्र दिसायच्या आत त्याचा बाप धाप लागून गेला.

ती साथ हिवाळाभर राहिली आणि पुढचा पावसाळा येईतो ओसरली. गवत पुन्हा पिवळे झाले. सुगरणींनी नवा चेंडू विणला. रान पुन्हा माळावर लोटले, पण अलीकडच्या बाजूला तुरळक जागा रिकाम्या होत्या आणि पलीकडच्या बाजूला पुष्कळ. त्या जागांवर कुणी बसले नाही.

सांबर आला होता. आता त्याची शिंगे भरली होती. वाट चढणीची आणि आईचे गुडघे दुखरे, म्हणून ती दर वळणावर थांबत, कुरकुरत खाली उतरली होती. तिला सावलीत बसवून तो गव्याकडे गेला.

"गुरुजी, मला अजून वाईट वाटते," तो म्हणाला. "खेळायला मिळाले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते."

"वाटू दे," गवा म्हणाला. "तुझे खरेच गेले आहे. काही गेले नाही, असे मी तुला कधी सांगणार नाही."

सांबराने मान खाली केली आणि मागच्या वर्षी राहून गेलेले शिंग गव्याच्या शिंगाला लावले.

परत येताना त्याला काळवीट दिसला. तो गर्दीपासून बाजूला, एका रिकाम्या जागेशेजारी उभा होता. सांबराने त्याच्या गोलाबद्दल ऐकले होते. वर्षभर त्याला या काळविटाचा हेवा वाटत आला होता. तो जवळ जाऊन म्हणाला, "तुझा तो गोल कसा झाला, मला ऐकायचे आहे. सांगशील?"

काळविटाची नजर त्या रिकाम्या जागेकडे गेली. "तो मी एकदाच सांगितला," तो म्हणाला. "वडिलांना, जवळ बसून. आता पुन्हा कुणाला सांगवत नाही."

इतक्यात सामना सुरू झाला आणि मागून त्याची आई हाक मारू लागली, "अरे, यांतले आपले कोणते? मला काही कळत नाही. इकडे ये आणि सांग."

"चल," सांबर काळविटाला म्हणाला.

काळवीट जागचा हलला नाही. तेव्हा म्हातारी स्वतःच जरा सरकली, आपल्या बाजूची सावली तिने मोकळी केली आणि म्हणाली, "तूही ये बाळा. उन्हात कशाला उभा राहतोस? याला नीट सांगता येत नाही, तू सांग मला."

काळवीट आला आणि तिच्याजवळ बसला. पहिला गोल झाला. मग हळूहळू तो तिला खेळ समजावून सांगू लागला.

तात्पर्य : हुकलेला खेळ पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येतो, पण तो पाहायला आणि ऐकायला येणारे आपले जीव गेले की पुन्हा येत नाहीत. म्हणून साथीच्या दिवसांत आधी आपली माणसे राखावीत, खेळ त्यांच्या मागून येतोच.